गाडीची नवी पॉलिसी कंपनी कधी रद्द करू शकते?

आधी थेट उत्तर. वैयक्तिक वापराच्या कारची किंवा दुचाकीची पॉलिसी एकदा दिली, की विमा कंपनीला ती मनात येईल तेव्हा काढून घेता येत नाही. विमा नियामक आयआरडीएआयने ११ जून २०२४ ला जनरल इन्शुरन्सचं मास्टर सर्क्युलर काढलं. त्यानुसार कंपनीला स्वतःहून पॉलिसी रद्द करायला एकच कारण चालतं, ते म्हणजे सिद्ध झालेली फसवणूक. आणि तेव्हाही ग्राहकाला किमान ७ दिवसांची नोटीस द्यावीच लागते. पहिल्याच महिन्यात क्लेम आला, गाडी जुनी निघाली, मालकाचं वय कमी आहे, कंपनीला तो धंदा परवडेना, यातलं काहीही कारण होऊ शकत नाही.

तरीही पॉलिसी घेतल्यावर दोन-चार आठवड्यांत ‘रद्द’ शब्द असलेला ईमेल लोकांना येतो, आणि तो दरवेळी बेकायदेशीर असतो असंही नाही. बऱ्याचदा त्या ईमेलमागे वेगळीच गोष्ट असते. एकतर प्रीमियम कंपनीपर्यंत पोचलेलाच नसतो, किंवा प्रपोजल फॉर्ममधली, म्हणजे विमा मागताना भरलेल्या अर्जातली, माहिती खोटी निघालेली असते, किंवा पॉलिसी जिवंत असते आणि नाकारलेला असतो तो फक्त क्लेम. या तिन्हींचे परिणाम वेगळे आणि उपायही वेगळे. म्हणून पत्र आलं की घाबरण्याआधी आपलं प्रकरण यातलं कोणतं, हे ओळखायचं.

एक गैरसमज इथेच बाजूला ठेवू. ‘पहिले ६० दिवस कंपनीच्या हातात असतात’ असं इंटरनेटवर सापडतं, आणि पुण्यात ज्यांची मुलं-भावंडं अमेरिकेत आहेत त्यांनी ते ऐकलेलंही असतं. तो नियम अमेरिकेतल्या अनेक राज्यांचा आहे. तिथे कंपनी आधी पॉलिसी देते, मग ड्रायव्हिंग रेकॉर्ड वगैरे तपासते, आणि त्या मुदतीत जवळपास कोणत्याही कारणानं हात काढून घेऊ शकते. भारतात मोटार विम्याला असा तपासणीचा काळ नाही. उलट्या बाजूचा गैरसमजही आहे: ‘फ्री लूकमध्ये पॉलिसी परत करून पूर्ण पैसे मिळतील.’ फ्री लूक (पॉलिसी हाती आल्यावर ठरावीक दिवसांत परत करायची सोय) आयुर्विमा आणि आरोग्य विम्याला असतो. गाडीच्या पॉलिसीला नसतो.

पैसेच पोचले नाहीत तर

नवी पॉलिसी बंद पडण्याचं सगळ्यात साधं कारण हे. विमा कायदा १९३८ च्या कलम ६४ व्हीबीनुसार प्रीमियम आधी मिळाल्याशिवाय कंपनीला जोखीम घेताच येत नाही. कंपनी चेक घेऊन पॉलिसी देते आणि चेक बाउन्स होतो, तेव्हा कायद्याच्या नजरेत पैसे मिळालेलेच नसतात. मग कंपनी पॉलिसी सुरुवातीच्या तारखेपासून रद्द धरते आणि तसं पत्र ग्राहकाला व आरटीओला पाठवते. हे फसवणुकीमुळे होणारं रद्दीकरण नव्हे, त्यामुळे ७ दिवसांची नोटीस कुठाय म्हणून इथे भांडता येत नाही.

चेक परत येतो तो खात्यात पैसे नसल्यामुळेच असं नाही. सही जुळत नाही, अक्षरी आणि अंकी रक्कम वेगळी पडते, चेकवर तीन महिन्यांपूर्वीची तारीख असते. एखाद्याच्या खात्यात दोन लाख असतील आणि तरी सहीच्या एका वळणामुळे गाडी विम्याविना रस्त्यावर फिरत असेल. म्हणून प्रीमियम शक्यतो यूपीआय, कार्ड किंवा नेटबँकिंगनं कंपनीच्या स्वतःच्या पेमेंट लिंकवर भरा. चेक दिलाच असेल तर तो वटून खात्यातून रक्कम गेली का, हे आठवड्याभरात पासबुकात बघा. ऑनलाइन पैसे कापले गेले पण पॉलिसी नंबर आला नाही, तर विमा सुरू झाला असं धरून गाडी काढू नका. नंबर आणि सुरू होण्याची तारीख-वेळ छापलेला कागद हाती येणं महत्त्वाचं.

एजंटला रोख दिली असेल तर पावती कंपनीची हवी, एजंटच्या डायरीतली नोंद नव्हे. याच ६४ व्हीबी कलमात लिहिलंय की एजंटनं गोळा केलेला प्रीमियम, आपलं कमिशन न कापता, २४ तासांत कंपनीकडे भरायचा; बँक आणि पोस्टाच्या सुट्ट्या त्यातून वगळलेल्या. पॉलिसी रद्द होऊन काही परतावा निघत असेल तर तोही थेट ग्राहकालाच द्यायचा, एजंटच्या खात्यात जमा करायचा नाही. ‘तुमचे पैसे माझ्याकडे आलेत, पुढच्या पॉलिसीत वळते करतो’ असं कुणी म्हणालं, तर हे कलम त्याला दाखवा.

आता अपघात झाला तर काय? यात दोन हिशेब वेगळे चालतात, आणि इथेच लोकांचा सर्वाधिक गोंधळ होतो.

स्वतःच्या गाडीचं नुकसान म्हणजे ओन डॅमेज, बोलीत ओडी. चेक वटला नसेल तर ओडीचा क्लेम मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध सीमा मल्होत्रा या खटल्यात हे स्पष्ट केलं. त्यात चेक दिल्यानंतर थोड्याच दिवसांत अपघात झाला होता आणि चेक परत आल्याचं नंतर कळलं होतं. तरी गाडीच्या नुकसानीची भरपाई कंपनीवर आली नाही.

थर्ड पार्टीचं, म्हणजे आपल्या गाडीनं ज्याला धडक बसली त्याचं, तसं नाही. त्या बिचाऱ्याचा चेकशी काय संबंध? न्यायालयानं इंद्रजित कौर खटल्यात कंपनीला जबाबदार धरलं, आणि २०१२ च्या लक्ष्मम्मा खटल्यात रेषा नीट आखून दिली: पॉलिसी रद्द झाल्याची सूचना अपघाताआधी गाडीमालकापर्यंत पोचली असेल तरच कंपनी सुटते, नाहीतर जखमीला भरपाई द्यावी लागते. पण मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीतला विम्याचा भाग १ एप्रिल २०२२ पासून लागू झाला, आणि नव्या कलम १५० मध्ये ‘६४ व्हीबीप्रमाणे प्रीमियम मिळाला नाही’ हा कंपनीचा बचाव थेट लिहिला गेला. त्यामुळे जुन्या निकालांच्या भरवशावर बाउन्स चेकची गाडी चालवणं आता पूर्वीपेक्षाही धोक्याचं आहे. कंपनी सुटली तर शिवाजीनगर कोर्टातल्या अपघात दावा न्यायाधिकरणाचा आदेश मालकाच्या घरादारावर येतो.

लक्ष्मम्मा निकालातला ‘सूचना पोचली का’ हा मुद्दा पुण्यातल्या भाडेकरूंनी खास लक्षात ठेवावा. आरसीवर पत्ता धनकवडीचा, राहायला गेले वाकडला; पत्र जुन्या पत्त्यावर जातं. त्याहून नेहमीचा घोळ शोरूममध्ये होतो. घाईत पॉलिसी काढताना ग्राहकाच्या रकान्यात डीलरचाच ईमेल आणि डेस्कवरच्या कुणाचा तरी मोबाइल नंबर टाकला जातो. पुढची प्रत्येक सूचना, नोटीस, रिन्यूअलची आठवण तिकडे जाते. पॉलिसी हातात आली की पहिल्या पानावरचा मोबाइल, ईमेल आणि पत्ता तपासा. चुकीचा असेल तर कंपनीच्या अॅपवर किंवा ईमेलनं एंडॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीतली लेखी दुरुस्ती, मागा.

एनसीबी: सगळ्यात महाग पडणारी खोटी टिक

प्रपोजल फॉर्मवर एक प्रश्न असतो, ‘मागच्या वर्षी क्लेम घेतला होता का?’ एजंट किंवा वेबसाइट तिथे ‘नाही’ गृहीत धरून चालते, कारण त्यानं प्रीमियम कमी दिसतो. क्लेम न घेतल्याबद्दल ओडीच्या प्रीमियमवर मिळणारी सूट म्हणजे नो क्लेम बोनस, एनसीबी. पहिल्या क्लेमविरहित वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के. ती फक्त ओडीवर असते, थर्ड पार्टीवर नाही. मध्ये क्लेम घेतला की पुढच्या रिन्यूअलला शून्य.

समजा ओडीचा प्रीमियम १०,००० रुपये आहे. पन्नास टक्के एनसीबी लावून ५,००० भरले, पण गेल्या गणपतीत बंपरचा क्लेम घेतला होता. म्हणजे ५,००० रुपये कमी भरले आणि खोटी माहितीही दिली. कंपनी ही माहिती कधीतरी पडताळतेच. मोटार टॅरिफच्या नियमांत तसं कामच नेमून दिलेलं होतं: एनसीबी देणाऱ्या कंपनीनं २१ दिवसांत आधीच्या कंपनीला पत्र लिहायचं, आणि त्या कंपनीनं पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर द्यायचं. आता बरीच पडताळणी संगणकावर होते. नवी पॉलिसी घेतल्यावर तीन-चार आठवड्यांनी ‘एनसीबी मिसमॅच’चा ईमेल येतो तो यामुळे.

त्या ईमेलला बहुतेक कंपन्या आधी सरळ मार्ग ठेवतात: फरकाची रक्कम भरा, पॉलिसी दुरुस्त होईल. तो घ्यावा, आणि त्याच दिवशी घ्यावा. ईमेल दुर्लक्षित राहिला आणि नंतर अपघात झाला तर प्रपोजलमधल्या घोषणेप्रमाणे ओडीचे सगळे लाभ जप्त होऊ शकतात. पाच हजार वाचवायला जाऊन दोन लाखांचं गॅरेजचं बिल खिशातून भरावं लागतं. कंपनीनं मुदतीत पडताळणी केली नसेल तर ग्राहक आयोगांनी काही प्रकरणांत क्लेम पूर्ण नाकारू दिलेला नाही, पण त्या आशेवर खोटी टिक करण्यात काहीच शहाणपण नाही.

आणखी दोन गोष्टी. एनसीबी माणसाची असते, गाडीची नाही. जुनी गाडी विकून नवी घेताना आधीच्या कंपनीकडून एनसीबीचं पत्र घेतलं तर ती नव्या गाडीला लावता येते. ते पत्र तीन वर्षं चालतं. आणि पॉलिसी संपून ९० दिवस उलटले, की साठवलेली सगळी एनसीबी गेली.

फसवणूक म्हणजे नेमकं काय, आणि काय नाही

चेसिस नंबरमधला एक आकडा चुकणं, नावाचं स्पेलिंग, इंधनाच्या रकान्यात पेट्रोलऐवजी डिझेल, या चुका आहेत. त्या एंडॉर्समेंटनं दुरुस्त होतात आणि त्यावर पॉलिसी रद्द करता येत नाही. फसवणुकीत मुद्दाम लपवणं किंवा बनवणं असतं: आधीच्या पॉलिसीची बनावट पीडीएफ जोडणं, ठोकलेल्या गाडीचे जुने फोटो इन्स्पेक्शनला पाठवणं, अपघात झाल्यावर पॉलिसी काढून अपघाताची तारीख नंतरची सांगणं. आणि ‘सिद्ध झालेली’ या शब्दांना वजन आहे. कंपनीला नुसता संशय पुरत नाही, आधार दाखवावा लागतो.

यातला सगळ्यात वादाचा भाग म्हणजे खंड पडलेली पॉलिसी. जुनी पॉलिसी एक दिवसानं जरी संपली असेल, तरी ओडीसकट नवी घेताना गाडीचं इन्स्पेक्शन लागतं. आता ते मोबाइलवरच्या व्हिडिओनं होतं. ते टाळायला काही जण ‘जुनी पॉलिसी अजून चालू आहे’ असं टिक करतात आणि पॉलिसी लगेच मिळते. कंपनी मागची पॉलिसी बघते, तारीख जुळत नाही, आणि प्रकरण थेट खोट्या माहितीच्या खात्यात जातं. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्याच्या विसर्गानं सिंहगड रोडच्या एकतानगरीत पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. अशा घटनेच्या आगेमागे घेतलेल्या पॉलिसीची तारीखच नव्हे, छापलेला तास-मिनिटसुद्धा बघितला जातो. इन्स्पेक्शनचा व्हिडिओ काढताना गाडीच्या चारही बाजू, काच, ओडोमीटर आणि चेसिस नंबर एका सलग चित्रीकरणात घ्या, आणि मूळ फाइल जपून ठेवा. आधीचा ओरखडा लपवू नका; नोंदवलेला ओरखडा क्लेमला अडत नाही, लपवलेला अडतो.

पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी भाड्यानं चालवणं किंवा आरसीवर न चढवलेलं सीएनजी किट बसवणं, यानं पॉलिसी सहसा रद्द होत नाही, पण क्लेम अडकतो. किट बसवलं तर आधी आरटीओत आरसीवर नोंद आणि लगेच कंपनीला कळवून एंडॉर्समेंट. त्याचा जादा प्रीमियम किटच्या किमतीवर बेतलेला आणि माफक असतो.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी मात्र एक तारीख फार महत्त्वाची आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ मुळे थर्ड पार्टी विमा नव्या मालकाकडे आपोआप येतो. ओडी येत नाही. त्यासाठी १४ दिवसांत कंपनीकडे पॉलिसी नावावर करायला अर्ज करायचा, आणि आधीच्या मालकाच्या एनसीबीचा उरलेल्या काळाचा फरक भरायचा. आरटीओचं काम एजंटकडे दिलं म्हणजे विम्याचंही झालं असं धरून चालणारे इथेच फसतात. गाडी नव्या मालकाची, पॉलिसी जुन्याच्या नावावर, मग नुकसान भरून कुणाला द्यायचं?

आपणच पॉलिसी रद्द करायची असेल तर

ग्राहकाला कारण न देता कधीही पॉलिसी रद्द करता येते. एका वर्षाच्या पॉलिसीत क्लेम घेतला नसेल तर उरलेल्या दिवसांच्या प्रमाणात प्रीमियम परत मिळतो. ओडीचे ७,३०० रुपये भरले आणि ७३ दिवसांनी रद्द केली, तर वर्षाचा एक पंचमांश काळ वापरला गेला. १,४६० कंपनीचे, ५,८४० आपले. एकाहून जास्त वर्षांच्या पॉलिसीत जी वर्षं सुरूच झाली नाहीत त्यांचा प्रीमियम परत येतो.

थर्ड पार्टीचं इथेही वेगळं. कलम १४६ नुसार तो विमा सक्तीचा, म्हणून गाडी रस्त्यावर असताना तो नुसता नको म्हणून सोडता येत नाही. त्याच गाडीवर दुसरी थर्ड पार्टी पॉलिसी आहे किंवा गाडी टोटल लॉस झाली, म्हणजे दुरुस्तीपलीकडे गेली, असं दाखवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला ३ आणि नव्या दुचाकीला ५ वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. १ जून २०२२ पासूनच्या दरांत १००० ते १५०० सीसीच्या नव्या कारला त्याचे १०,६४० रुपये पडतात. शोरूमची पॉलिसी महाग वाटली तर ती घेण्याआधी बाहेरचं कोटेशन आणा. शोरूममधूनच विमा घेण्याची सक्ती नाही, आणि नंतर मोडताना हा थर्ड पार्टीचा भाग अडतो.

पत्र आलंच तर

पहिलं काम, पॉलिसी खरोखर चालू आहे का बघा. एमपरिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाकला की विम्याची मुदत दिसते. पॉलिसीवरचा क्यूआर कोड स्कॅन करा, आणि कंपनीच्या मुख्य नंबरवर पॉलिसी नंबर सांगून खात्री करा. बनावट पॉलिसी विकणारेही आहेत, आणि तिथे रद्द करण्याचा प्रश्नच येत नाही, कारण ती कधी नव्हतीच.

मग पत्र वाचा. कोणत्या कलमाखाली रद्द करताहेत, कारण काय, कोणत्या तारखेपासून, आणि आधार कोणता, या चार गोष्टी त्यात नसतील तर त्याच ईमेलला उत्तर देऊन मागा. प्रपोजल फॉर्मची प्रतही मागा. तुमच्या नावानं काय टिक केलं गेलं ते त्यातच दिसेल. एजंटनं फॉर्म भरला असेल तरी कंपनी ती माहिती तुमचीच धरते. फोनवर बोलणं झालं असलं तरी त्याचा सारांश ईमेलनं पाठवा.

नोटीसचे सात दिवस वाद घालण्यात घालवू नका. तोडगा निघेपर्यंत निदान थर्ड पार्टी कव्हर तुटू देऊ नका. १००० ते १५०० सीसीच्या कारला वर्षाचे ३,४१६ रुपये आणि वर कर, एवढ्यात ते होतं. विमा नसताना पकडले गेलात तर कलम १९६ खाली पहिल्यांदा २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडलात तर दंड ४,००० रुपये. थर्ड पार्टी एका कंपनीची आणि ओडी दुसरीची असेल, तर थर्ड पार्टी गेल्यावर ओडीही लंगडी पडते. त्या कंपनीलाही कळवा.

कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी तक्रार करा आणि तक्रार क्रमांक घ्या. आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवरही ती नोंदवता येते. टोल-फ्री नंबर १५५२५५. एका महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जायचं. पुण्याचं लोकपाल कार्यालय नारायण पेठेत, न. चिं. केळकर रस्त्यावर जीवन दर्शन इमारतीत आहे. मुंबई महानगराचा भाग सोडून बाकी महाराष्ट्राच्या तक्रारी तिथे येतात. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. कंपनीनं तक्रार फेटाळल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, आणि तोच विषय ग्राहक आयोगात किंवा कोर्टात चालू असेल तर लोकपाल तो घेत नाहीत. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, आणि तो मिळाल्यापासून ३० दिवसांत तिला पाळावा लागतो. अर्जासोबत पॉलिसी, प्रपोजल फॉर्म, पैसे भरल्याचा बँकेचा पुरावा, रद्दीकरणाचं पत्र आणि कंपनीशी झालेला सगळा ईमेल व्यवहार तारखेनुसार लावून द्या.